टक्के लपव

माझ्या नवऱ्याला त्याची आई बटण्या म्हणायची. लहानपणी तो शर्टाची बटणं तोडून खिशात भरायचा म्हणून. पुढे तो वेबसाइट बनवायच्या नोकरीला लागला आणि नाव जास्तच शोभायला लागलं. नळ आणि फरश्या विकणाऱ्या एका कंपनीची पानं तो सांभाळतो. दिवसभर ऑफिसात 'आत्ताच घ्या, आत्ताच घ्या' म्हणून अंगावर येणारी बटणं बनवायची आणि घरी आला की असल्या बटणांचा गळा दाबणारी दुसरी बटणं बनवायची. दोन्ही डगरींवर हात ठेवून जगणारा माणूस आहे, असं मी त्याला तोंडावर म्हणते.

घरच्या बटणांना तो बुकमार्कलेट म्हणतो. आपण ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आवडती पानं जपून ठेवतो ना, तिथंच पानाच्या पत्त्याऐवजी चार ओळींचा प्रोग्रॅम ठेवायचा. समोर कुठलंही पान उघडं असू दे, त्या नावावर क्लिक केलं की तो प्रोग्रॅम त्या पानावर चालतो. आमच्या कॉम्प्युटरवर अशी एक रांगच आहे. 'पसारा काढ' दाबलं की जाहिराती आणि मध्येच लोंबकळणाऱ्या चौकटी जातात. 'गप्प' दाबलं की आपणहून बोलायला लागलेले व्हिडिओ बंद. 'मोठं कर' हे सासूबाई असताना त्यांच्यासाठी केलेलं; ते दाबून त्या पेपर वाचायच्या आणि एका वेळी पडद्यावर तीनच शब्द मावायचे. "बातमी संपेपर्यंत माणूस संपेल," असं त्या म्हणायच्या, पण मुलानं केलेलं बटण सोडायच्या नाहीत.

मी स्वतः सूचनापत्रकांचं भाषांतर करते. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचा बंब यांच्या खोक्यात घडी घालून येणारा तो बारीक अक्षरांचा कागद. ओल्या हातानं प्लग लावू नये. झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. ते कोणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मी एकही सूचना गाळत नाही. ऑफिसात मला सगळे 'इशारा' म्हणतात. "इशारा आली, खुर्च्या सरळ ठेवा." मला राग येत नाही. मला राग येतो तो कामात चालढकल करणाऱ्यांचा आणि माझ्या पोटातल्या गाठीचा.

गाठ अंडाशयात निघाली. कॅन्सर. शब्द लिहायला आता काही वाटत नाही. शब्दाची भीती हळूहळू मरते, आकड्यांची मरत नाही. ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, आणि मग गाठ परत आली. त्या दिवसांत मी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून वाचत बसायची. जिथं जावं तिथं टक्के. परत आलेल्या आजारात अमुक टक्के बायका इतकी वर्षं जगतात. मग बाकीच्या? बाकीच्यांबद्दल कोणी लिहीत नाही, त्या वजाबाकीत जातात. औषध काय, खावं काय, हातापायांना मुंग्या आल्या तर काय करावं, एवढंच मला हवं असायचं. पण त्या वाटेवर दर चार पावलांना एक टक्का उभा. तो दिसला की हातातला घास परत डब्यात जायचा.

एके दिवशी मी बटण्याला म्हटलं, "सगळ्यांचं तोंड बंद करतोस, या टक्क्यांचं कर ना."

त्यानं आधी टाळलं. मग एका रविवारी बसून बटण केलं. पहिलं बटण फारच कामसू निघालं. त्यानं सरसकट सगळे आकडे उडवले. दवाखान्याचा फोन नंबर गेला, चपलांची मापं गेली, केक किती वेळ भाजायचा तेही गेलं. केक कोळसा झाला आणि आम्ही दोघं खूप हसलो. दुसरं बटण शहाणं होतं. ज्या परिच्छेदात टक्के हा शब्द किंवा त्याची खूण असेल तेवढाच परिच्छेद ते उचलायचं. त्याच्या जागी बटण्यानं एक करडी पट्टी ठेवली होती: 'इथे काही लपवलं आहे.'

"ही पट्टी काढ," मी म्हटलं.

"राहू दे ना. निदान कळेल तरी, काहीतरी होतं म्हणून."

"कळायलाच नको आहे मला. खड्डा दिसला तर मी खड्ड्याकडेच बघत बसेन."

त्यानं पट्टी काढली. आता वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद एकमेकांना असे चिकटायचे की मध्ये कधी काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये. नाव ठेवलं 'टक्के लपव', आणि ते माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही बसवून दिलं. देताना म्हणाला, "हे आंधळं आहे हां. त्याला चांगलं-वाईट कळत नाही. बाहेरच्या पानांवर वापर, दवाखान्याच्या पानावर नको."

"नाही वापरणार," मी म्हटलं.

आंधळं तर ते होतंच. हवामानाच्या पानावरची पावसाची शक्यता ते गिळायचं आणि आम्ही छत्रीशिवाय निघून चिंब होऊन यायचो. दुकानांच्या सवलती गिळायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी मी डबा पुरा संपवायला लागले होते.

त्याच सुमारास घरात एक नियमही झाला. तो मीच केला. आजाराचा विषय मी काढला तरच निघेल, तू काढायचा नाहीस. कारण बटण्याचा चेहरा बटणासारखाच, दाबला की उघडतो. तो माझ्याकडे बघायचा आणि मला त्याच्या डोळ्यांत सगळे टक्के परत दिसायचे. लेक दुसऱ्या शहरात शिकते. तिलाही मी हेच सांगितलं. "मी सांगेन तेव्हा सांगेन, तोवर तू मला तुझ्या मेसच्या जेवणाच्या तक्रारी सांग." दोघांनी नियम पाळला. आमच्या घरातली माणसं मोठी आज्ञाधारक आहेत, मी सोडून.

मी माझा शब्द पाळला नाही. दवाखान्याचं एक पान असतं, तिथं नाव आणि परवलीचा शब्द टाकला की आपले रिपोर्ट दिसतात आणि डॉक्टरांचे निरोप येतात. रिपोर्टात तर टक्क्यांचा नुसता बाजार. अमुक पेशी इतके टक्के, तमुक इतके. एकदा दाबलं बटण. मग सवयच लागली. पान उघडताना मी डोळे मिटायची, वरच्या पट्टीत बोटाला जागा पाठ झाली होती, क्लिक करायची आणि मग डोळे उघडायची. पान स्वच्छ. झाकण बसल्याशिवाय यंत्र सुरू करू नये हे लोकांना आयुष्यभर सांगणारी बाई मी.

आणि मग डॉक्टरबाईंचा निरोप आला. मी डोळे मिटले, दाबलं, उघडले. लिहिलं होतं, 'नमस्कार. आशा आहे की तुमची तब्येत स्थिर असेल. काही शंका असल्यास आमच्या नर्सशी बोलावे. काळजी घ्या.' बस. मला वाटलं, सणसणीत फी घेणाऱ्या बाईला नुसतं 'काळजी घ्या' लिहायला वेळ बरा मिळतो. स्वयंपाकघरात बटण्या भांडी घासत होता. त्याला मी बाहेरूनच ओरडून सांगितलं, "डॉक्टरबाईंचा निरोप आलाय."

नळ बंद झाला. "वाचलास?"

"वाचला."

"काय म्हणतात?"

"काही विशेष नाही. काळजी घ्या म्हणतात."

थोड्या वेळानं नळ परत सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. मी म्हटलं, पाणी काय फुकट आहे का.

गेल्या आठवड्यात तपासणीची तारीख होती. मशीनमधून काढलेले नवे फोटो आदल्या दिवशीच डॉक्टरबाईंकडे गेले होते. दवाखान्यातली ती खोली मला पाठ आहे. खिडकीत प्लॅस्टिकचं रोप, त्याच्या पानांवर खरी धूळ. बटण्या खाली औषधाच्या रांगेत उभा होता, म्हणून मी एकटीच आत गेले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की बातमी वाईट, हे मला कळायला लागलं आहे.

"यकृतात गेलंय," त्या म्हणाल्या. "आता आपण त्रास कमी करण्याकडे लक्ष देऊ."

मी मान हलवली. अशा वेळी माणूस मान का हलवतो, देव जाणे.

त्या पुढे म्हणाल्या, "नव्या औषधाच्या चाचणीला तुम्ही नाही म्हणालात, त्याचं मला थोडं वाईट वाटलं होतं. पण तो तुमचा निर्णय. मी त्याचा मान ठेवते."

"कुठली चाचणी?" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघता बघता मला आपोआप समजलं. खड्ड्यात पाय पडल्यावर खड्डा होता हे कळतं तसं.

मी सावरून विचारलं, "मी नाही असं कळवलं होतं का?"

"तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आम्ही त्यातच लिहितो ना, इच्छा नसेल तर उत्तर नाही दिलं तरी चालेल म्हणून. कोणावर दडपण येऊ नये म्हणून फोनही करत नाही."

"आता घेता येईल?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसलं. बाईचं मन आता बदलतंय, उशिरा बदलतंय, असं त्यांना वाटत होतं. "प्रवेश बंद झालाय," त्या हळूच म्हणाल्या. "आणि यकृतात गेल्यावर नियमात बसत नाही. सॉरी."

बाहेर बाकावर मी बसले. समोर एक म्हातारे गृहस्थ आपल्या बायकोला मोज्यावरून बोलत होते, एक काळा आणि एक निळा घातला म्हणून. ती म्हणत होती, "पायांना काय कळतंय?" बटण्या औषधाची पिशवी घेऊन आला. त्याला मी यकृताचं सांगितलं. चाचणीचं सांगितलं नाही. तो माझ्याशेजारी बसला, पिशवी मांडीवर ठेवली आणि तिची गाठ सोडत आणि बांधत राहिला.

घरी आल्यावर त्याला मी दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं. तो खाली उतरल्याचं ऐकलं आणि दवाखान्याचं पान उघडलं. या वेळी डोळे उघडे ठेवले.

'आशा आहे की तुमची तब्येत स्थिर असेल' आणि 'काही शंका असल्यास' यांच्या मध्ये एक भला मोठा परिच्छेद होता. नव्या गोळ्यांची चाचणी सुरू होते आहे. तुमच्यासारख्या आजारात आधीच्या फेरीत चाळीस टक्के रुग्णांची गाठ आकसली. तुम्ही निकषांत बसता. इच्छा असल्यास दिलेल्या तारखेपर्यंत कळवावे, इच्छा नसल्यास उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

चाळीस. इतके महिने ज्यांच्यापासून पळाले त्या टक्क्यांपैकी एक माझ्या बाजूनं बोलायला आला होता आणि मी त्याला दारातूनच हाकललं. मी ओरडले नाही. रडलेही नाही. बटण्यावर राग येतोय का हे मी चाचपून बघितलं. आला असता तर बरं वाटलं असतं. पण पट्टी ठेवू दे म्हणाला होता तो. नको त्या पानावर वापरू नकोस म्हणाला होता तो. राग माझाच मला इतका आला की दात दुखायला लागले.

तो परत आला तेव्हा मी पान बंद केलं होतं. त्यानं दुधाची पिशवी टेबलावर ठेवली, फ्रीज उघडला, आतलं दूध बघितलं आणि फ्रीज लावला. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"नियम मोडतोय," तो म्हणाला. "आज एकदाच."

"मोड."

"तो निरोप. नव्या औषधाचा. माझ्या फोनवरही येतात ते. तू वाचायच्या आधीच मी वाचला होता."

मी टेबलावरची दुधाची पिशवी माझ्याकडे ओढली.

"मला इतका आनंद झाला होता. म्हटलं, आता तू वाचशील आणि ओरडत येशील. आणि तू बाहेरूनच म्हणालीस, काही विशेष नाही. मी समजलो. तुला परत त्या तपासण्या नकोत, त्या उलट्या नकोत. म्हटलं, तिचं शरीर आहे. आपण तोंड उघडायचं नाही. शेवटच्या तारखेला मी रजा टाकून घरी बसलो, आठवतं? म्हटलं, आज तरी बोलेल. तू पडदे धुवायला काढलेस. दिवसभर आपण पडदे लावत होतो."

मला आठवलं. स्टुलावर उभा राहून तो कड्या अडकवत होता आणि मी खालून त्याला वाकडं, वाकडं म्हणून बोलत होते. तो सारखा खाली वाकून माझ्याकडे बघायचा. मी म्हटलं होतं, माझ्या तोंडाकडे काय बघतोस, पडद्याकडे बघ.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "तेव्हा मला विचारावंसं एकदाही वाटलं नाही?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी वाचलाच नाही रे. बटणानं लपवला. एवढंच. ते म्हटलं असतं तर माझ्यावरचा त्याचा सगळा राग तिथल्या तिथं गेला असता, त्यानं मला जवळ घेतलं असतं, आणि मला त्या क्षणी त्याचीच फार गरज होती. खोटं कशाला सांगू.

पण मग? मी याला ओळखते. पट्टी कोणी काढायला लावली आणि शब्द कोणी मोडला, हे त्याला मी शंभरदा सांगितलं असतं आणि त्यानं शंभरदा मान हलवली असती. आणि मग उरलेलं आयुष्य तो त्या चार ओळी मनात लिहीत आणि खोडत बसला असता. इथं एक अट घातली असती तर. तिथं एक पट्टी ठेवली असती तर. मी गेल्यावर त्याला आवरायला कोण असणार? मेलेल्या माणसावरचा राग फार दिवस टिकत नाही, लोक स्वतःच तो सोडून देतात. स्वतःवरचा मात्र जन्मभर पुरतो.

"वाटलं होतं," मी म्हटलं. "पण तू हो म्हणायला लावलं असतंस."

"लावलं असतं," तो म्हणाला. "अर्थात लावलं असतं!"

"म्हणूनच."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं, ओळखलं यानं. बावीस वर्षं माझी चिडचिड ऐकलेला माणूस, माझं खोटं त्याला कळणार नाही? पण त्याला कळलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला खोटं पटकन पटतं, खरं पटायला वेळ लागतो.

"आणि आम्ही?" त्यानं विचारलं. "मी, लेक. आमच्यासाठी सुद्धा नको वाटलं?"

मी इतका पुढचा विचार केला नव्हता. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती बारीक आवाजात टुकटुक करत होती.

"थकले होते रे," मी म्हटलं.

तो उठला. खुर्ची जागेवर सरकवली, अगदी नीट, टेबलाला समांतर. आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात भांडणं झाली तरी दारं उघडी असतात. मीच त्याला दारातून दारात ऐकवत फिरते. बंद दारासमोर काय करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी दूध तापत ठेवलं, कारण दोन पिशव्या झाल्या होत्या.

आतून त्याचं बोलणं ऐकू यायला लागलं. लेकीला फोन लावला होता. आधी यकृताचं सांगितलं. मग, "होतं गं एक औषध. आईनं नको म्हटलं." तिनं काहीतरी विचारलं असावं. "नाही, मलाही नाही विचारलं."

दूध वर आलं तसा मी गॅस बंद केला. दार उघडलं. डोळे लाल झालेला माझा बटण्या बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता त्यानं फोन पुढे केला.

"तिला तुझ्याशी बोलायचंय."

मी फोन कानाला लावला. लेक रडत होती, नाक ओढत होती, लहानपणी ओढायची तसंच. मी तिला बोलू दिलं. तिला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायला तिला बराच वेळ लागला.

"आई, तू खरंच नको म्हणालीस?"

बटण्या समोर उभा होता, भिंतीला टेकून. तोही ऐकत होता.

"हो गं," मी म्हटलं. "मीच नको म्हटलं."